ग्रिपच्या आधी बॅटरी

नवा कॅमेरा घेणाऱ्या तरुणाला दुकानात, कार्यशाळेत आणि लग्नाच्या मांडवात भेटणाऱ्या जुन्याजाणत्या फोटोग्राफरकडून एक सल्ला हमखास मिळतो. बॉडी घेतलीस ना, आता ग्रिप घे. त्यात दोन बॅटऱ्या बसतात, दिवसभर बघायला नको, शिवाय पार्टीसमोर कॅमेरा भारदस्त दिसतो. आणि ग्रिपमध्ये घालायला ‘कंपॅटिबल’ बॅटऱ्यांची जोडी घे. ओरिजिनलला तिप्पट-चौपट पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की तो तपासून पाहायचे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. जिथे काटकसर करू नये तिथे तो काटकसर करायला लावतो, आणि जिथे खर्चाची गरज नाही तिथे हजारो रुपये घालायला सांगतो. त्याची किंमत मोजतो तो हप्त्यांवर बॉडी घेतलेला, पहिल्या लग्नसराईच्या ऑर्डरी शोधणारा मुलगा. म्हणून या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: कॅमेऱ्यासोबत आलेल्या बॅटरीच्या जोडीला मूळ कंपनीची किमान एक जादा बॅटरी घ्या, लग्न किंवा व्हिडिओचे काम करत असाल तर दोन घ्या. ग्रिपचा विचार त्यानंतर करा, आणि तोही हाताच्या सोयीसाठी करा, बॅटरीसाठी नको.

आधी ‘बॅटरी पुरत नाही’ ही तक्रार तपासू. २०१६ च्या कॅनन ५डी मार्क ४ ला एका बॅटरीवर ९०० फोटो, २०१७ च्या निकॉन डी८५० ला १८४० फोटो, आणि २०१८ च्या सोनी ए७ मार्क ३ या मिररलेस कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर वापरून ६१०, तर मागच्या स्क्रीनवर ७१० फोटो, असे अधिकृत आकडे आहेत. डीएसएलआर सोडून मिररलेसकडे आलेला माणूस हे आकडे शेजारी ठेवतो, घाबरतो आणि ग्रिपकडे वळतो. पण हे आकडे येतात ते जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सीपाने, ठरवलेल्या चाचणीतून. तिच्यात दर ३० सेकंदांनी एक फोटो काढतात, दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात, आणि अंगचा फ्लॅश असेल तर निम्मे फोटो फ्लॅश मारून काढतात. निरनिराळ्या कॅमेऱ्यांची एकाच मापाने तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे. तुमच्या कामाचा दिवस मात्र तिच्यात नसतो. वरमाला पडताना तुम्ही चार सेकंदांत पंचवीस फ्रेम घेता. तिथे एका बॅटरीवर सीपाच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक फोटो निघतात. उलट खंड्या कधी सूर मारतो याची वाट पाहत तासभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात, तर पाच-पन्नास फोटोंतच बॅटरी निम्म्यावर येते. मिररलेसची बॅटरी शटरपेक्षा वेळच जास्त खातो, कारण सेन्सर, व्ह्यूफाइंडरची स्क्रीन आणि स्टॅबिलायझर कॅमेरा चालू असेपर्यंत काम करत राहतात. तेव्हा ‘एका बॅटरीत किती फोटो?’ या प्रश्नाऐवजी ‘माझ्या कामात एक बॅटरी किती वेळ टिकते?’ असे विचारायला हवे. त्याचे उत्तर कामाचा एक पूर्ण दिवस घड्याळ लावून पाहिला की मिळते. ते कळण्याआधी ग्रिप घेणे म्हणजे माप न घेता कपडा शिवणे.

ग्रिपच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा: अक्षता पडत असताना बॅटरी संपली तर तो क्षण परत येत नाही, ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या असल्या की ही भीतीच उरत नाही. ही भीती खरी आहे, आणि लग्नाचे काम करणाऱ्या कुणीही तिला हलके समजू नये. पण ग्रिप तिच्यावर उपाय नव्हे. निकॉनची ईएन-ईएल१५सी ही बॅटरी ७ व्होल्टची आणि २२८० मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे १६ वॉट-अवरची आहे. अशा दोन बॅटऱ्या ग्रिपमध्ये असोत की खिशात, ऊर्जा ३२ वॉट-अवरच मिळणार. ग्रिप स्वतः एक वॉट-अवरही निर्माण करत नाही. तो फक्त बॅटरी बदलण्याची वेळ पुढे ढकलतो, आणि अखेर ती वेळ येते तेव्हा बहुतेक ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्यांचा ट्रे एकदम बाहेर काढावा लागतो, म्हणजे कॅमेरा बंदच पडतो. खिशातली बॅटरी बदलायला लागतात मोजून काही सेकंद. ते सेकंद कधी खर्च करायचे हे तुमच्या हातात असते: अंतरपाट धरण्याआधी, वरात दारात येण्याआधी, सप्तपदीला बसण्याआधी. स्क्रीनवर बॅटरी तीस टक्के दिसत असताना जो बदलतो, त्याची बॅटरी मंगलाष्टकांत कधी संपत नाही. ही शिस्त ज्याला नाही त्याचा ग्रिपही एक दिवस ऐन विधीत रिकामा होईल, कारण दोन बॅटऱ्या आहेत या भरवशावर तो टक्क्यांकडे बघणेच सोडून देतो.

आता किमतीकडे पाहू. कंपनीच्या ग्रिपच्या पैशांत कंपनीच्याच तीन-चार बॅटऱ्या सहज येतात. शिवाय ग्रिप त्या एका बॉडीलाच, फार तर तिच्या भावंडाला, बसतो. बॅटरी मात्र पिढ्यान् पिढ्या चालते. कॅनन ५डी मालिकेचेच उदाहरण घ्या. २००८ च्या मार्क २ ला बीजी-ई६ ग्रिप लागायचा, २०१२ च्या मार्क ३ ला बीजी-ई११ आणि २०१६ च्या मार्क ४ ला बीजी-ई२०. तीन बॉडी, तीन वेगळे ग्रिप. एकाचा ग्रिप दुसऱ्याला बसत नाही. पण बॅटरीचे कुटुंब एकच, एलपी-ई६. हेच कुटुंब पुढे मिररलेस आर५ आणि आर६ मध्येही आले. निकॉनची ईएन-ईएल१५ २०१० मध्ये डी७००० सोबत आली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या झेड मालिकेत चालू आहेत. याला मर्यादा आहेत, त्याही माहीत हव्यात: निकॉनच्या बॉडीत यूएसबीने चार्जिंग फक्त ‘बी’ आणि ‘सी’ आवृत्तीचे होते, आणि २०२४ च्या आर५ मार्क २ मध्ये एलपी-ई६एनएच सारख्या जुन्या बॅटऱ्या बसल्या तरी काही सुविधा बंद राहतात. तरीही हिशेब सरळ आहे. बॉडी विकली की ग्रिप जवळजवळ निरुपयोगी होतो, बॅटरी पुढच्या बॉडीसोबत राहू शकते.

किमतीपलीकडचे तोटेही कमी नाहीत. ग्रिपमुळे कॅमेऱ्याचे वजन पाव किलोच्या पुढे वाढते, त्यात दुसरी बॅटरी वेगळीच. कॅनन आणि सोनीच्या अनेक बॉडींना ग्रिप लावताना बॅटरीचे मूळ दार काढावे लागते, आणि ते हरवले की ग्रिपशिवाय कॅमेरा वापरता येत नाही. बॅटरी आणि बॉडी यांच्यामध्ये संपर्काचा आणखी एक सांधा येतो. खालचा स्क्रू किंचित ढिला झाला तरी कॅमेरा मध्येच बंद पडतो. लहान गिंबलवर ग्रिपसकट कॅमेरा तोलता येत नाही, आणि बॉडीच्या मापाची एल-प्लेट बसत नाही. बाहेरच्या कंपन्यांचे स्वस्त ग्रिप तर या सगळ्यात भरच घालतात: दार डुगडुगते, बटणे अडकतात, पावसापासून संरक्षणाची रबरी पट्टी नसते. आषाढातल्या वारीत किंवा गणपतीच्या विसर्जनाला पावसात उभे राहून काम करणाऱ्याने वॉटर-सील असलेल्या महागड्या बॉडीला असा सील नसलेला ग्रिप लावणे हे बॉडीवर घातलेले पैसे वाया घालवणे आहे.

इथे कुणी म्हणेल, मग कंपन्या ग्रिप काढतात कशाला? कंपन्यांच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. निकॉनने झेड६ आणि झेड७ साठी एमबी-एन१० नावाचा ग्रिप काढला. त्यात दोन बॅटऱ्या बसत, पण उभ्या फोटोसाठीची बटणे नव्हती. तो म्हणजे फक्त बॅटऱ्यांचा डबा होता. पुढच्या पिढीच्या एमबी-एन११ मध्ये निकॉनने ती बटणे दिली, कारण ग्रिपचे खरे काम तेच आहे. सोनीच्या २०१३ च्या पहिल्या ए७ मध्ये एनपी-एफडब्ल्यू५० ही जेमतेम ७.३ वॉट-अवरची बॅटरी होती; त्या काळात ग्रिपची मागणी समजण्यासारखी होती. २०१७ मध्ये ए९ सोबत एनपी-एफझेड१०० आली ती १६.४ वॉट-अवरची, म्हणजे एकाच बॅटरीत आधीच्या दोन बॅटऱ्यांहून अधिक ऊर्जा मावली. फुजीफिल्मने २०२० मध्ये एक्स-टी४ ला १२६० ऐवजी २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दिली. बॅटरीचा प्रश्न कंपन्यांनी बॅटरीतच सोडवला, आणि आपण अजून २०१३ च्या कॅमेऱ्याचा उपाय आजच्या कॅमेऱ्याला लावतो आहोत.

सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे स्वस्त बॅटरी, मला अधिक घातक वाटतो. मुंबईच्या बोरा बाजारापासून ते कुठल्याही ऑनलाइन दुकानापर्यंत एलपी-ई६ च्या मापाच्या डबीवर २६०० किंवा ३००० मिलिअँपिअर-अवर छापलेल्या बॅटऱ्या मिळतात. या आकड्याने भुलून जाण्याआधी मूळ कंपनीची वाटचाल पाहा. २००८ मध्ये एलपी-ई६ होती १८०० ची. पुढची एलपी-ई६एन १८६५ ची झाली आणि २०२० ची एलपी-ई६एनएच २१३० ची. बारा वर्षांत वाढ अठरा टक्क्यांच्या आसपास. निकॉनच्या ईएन-ईएल१५ ने २०१० ते २०२० मध्ये १९०० वरून २२८० गाठले, म्हणजे वीस टक्के. जगातल्या आघाडीच्या कंपन्यांना त्याच डबीत इतकेच बसवता आले, तर पाव किमतीच्या बॅटरीत ३००० बसवल्याचा दावा पुराव्याशिवाय मानण्याचे काही कारण नाही. मिलिअँपिअर-अवरच्या आकड्याने फसणे सोपे असते, म्हणून नेहमी वॉट-अवर वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर हा हिशेब शाळेतला आहे. लेबलवरचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर ती बॅटरी तिथेच परत ठेवा.

क्षमतेइतकाच महत्त्वाचा आहे आतला सर्किट बोर्ड. या बॅटऱ्यांत साधारणपणे दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून ८.४ व्होल्टपर्यंत जातात. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट सर्किट या तिन्हींपासून सेलला वाचवायचे काम हा बोर्ड करतो. तोच कॅमेऱ्याशी बोलतो. कॅननच्या मेनूत बॅटरीचे आरोग्य तीन पट्ट्यांनी दिसते. निकॉनच्या मेनूत तिचे वय शून्य ते चार असे दिसते, आणि चार आले की बॅटरी बदलायची असते. ओरिजिनल बॅटरीचे जास्तीचे पैसे या प्रामाणिक बोलण्याचे आहेत. स्वस्त बॅटरी चाळीस टक्के दाखवता दाखवता एकदम शून्यावर येते, आणि ज्या क्षणासाठी ग्रिप घेतला तोच क्षण त्या बॅटरीमुळे हुकतो. त्याहून वाईट म्हणजे ती फुगते आणि कॅमेऱ्यात अडकून बसते. मग बॅटरीत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे दुरुस्तीत जातात.

‘ओरिजिनलमध्येही दोष निघतात’ असे म्हणणाऱ्याचे म्हणणे खरे आहे. २०१२ मध्ये निकॉनने ईएन-ईएल१५ चे काही लॉट जास्त तापत असल्यामुळे परत मागवले होते. पण त्यातला दुसरा भागही पाहा. कंपनीने दोष जाहीर केला, लॉट नंबर सांगितले आणि बॅटऱ्या बदलून दिल्या. ज्या बॅटरीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही ती कोण परत मागवणार? सगळ्या बाहेरच्या बॅटऱ्या टाकाऊ असतात असे मी म्हणत नाही. आपले नाव आणि वॉरंटी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या काही कंपन्यांच्या बॅटऱ्या चांगल्या चालतात, आणि तिसरी, राखीव बॅटरी म्हणून अशी एखादी घ्यायला माझी हरकत नाही. ती आणि ओरिजिनल मात्र एकाच ग्रिपमध्ये शेजारी घालू नका. खरा धोका आहे तो ओरिजिनलचे नाव चोरणाऱ्या डुप्लिकेटचा. म्हणून पक्के बिल घ्या. पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष आहे का ते पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या वेष्टनावर हे असणे बंधनकारक आहे. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा तो शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ज्या किमतीत ओरिजिनल येऊच शकत नाही, त्या किमतीत मिळालेली ‘ओरिजिनल’ ओरिजिनल नसते.

ग्रिपच्या विरोधात इतके लिहिल्यावर त्याची योग्य जागाही सांगायला हवी, नाहीतर माझाही सल्ला एकांगी होईल. दिवसभर उभे पोर्ट्रेट काढणाऱ्याच्या मनगटाला ग्रिपवरच्या शटर बटणाने खराखुरा आराम मिळतो. ७०-२०० किंवा १५०-६०० सारख्या जड लेन्सला ग्रिपने तोल येतो. मोठ्या हाताच्या माणसाची करंगळी लहान बॉडीखाली लोंबत राहते, तिला आधार मिळतो. काही डीएसएलआरमध्ये ग्रिपने वेगही वाढायचा: निकॉन डी७०० योग्य बॅटरीसह सेकंदाला ५ वरून ८ फ्रेमवर जाई, डी८५० ७ वरून ९ वर. फुजीचा मिररलेस एक्स-टी२ सुद्धा ८ वरून ११ वर जात असे. जुन्या बीजी-ई६ मध्ये सहा पेन्सिल सेल घालून काम चालवता येई; जिथे वीज नाही पण किराणा दुकान आहे अशा गावात तो मोठा आधार होता. आजच्या आर५-आर६ च्या ग्रिपमध्ये पेन्सिल सेल बसत नाहीत आणि सोनी ए७ मार्क ३ ग्रिपशिवायच सेकंदाला १० फ्रेम घेतो. म्हणजे हाताची सोय हे एक ठोस कारण उरते. ते कारण तुमचे असेल तर ग्रिप जरूर घ्या, शक्यतो कंपनीचाच घ्या. घेण्याआधी एक दिवस भाड्याने वापरून पाहा.

जास्त वेळ चालणाऱ्या कामासाठी आज ग्रिपहून चांगले मार्ग आहेत. स्टुडिओत बॅटरीच्या आकाराचा डमी अडॅप्टर घालून कॅमेरा थेट विजेवर चालवता येतो. टाइमलॅप्स किंवा लांबलचक व्हिडिओ असेल तर यूएसबीवर चालणाऱ्या बॉडीला पॉवर बँक जोडा. १० हजार मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॉट-अवर असतात. वाटेतली गळती धरूनही दीड-दोन बॅटऱ्यांचे काम होते. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायच्या असतात, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-अवरच्या खालच्या बॅटरीला परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्या त्या मर्यादेच्या फार खाली असतात. टोके मात्र झाकलेली हवीत.

आहे ती बॅटरी जपली तर नवी घ्यायची वेळही उशिरा येते. मे महिन्यात ताडोब्याला गेलेला माणूस पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जातो. त्या उष्णतेने क्षमता कायमची घटते. स्पिती-लडाखच्या थंडीत उलटे होते. तिथे बॅटरी बसल्यासारखी वाटते, पण आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की बरीचशी परत येते, म्हणजे तिथेही खिसाच ग्रिपला मागे टाकतो. बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियम-आयनला तो लागू नाही. महिनोन् महिने वापरायची नसेल तर निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवा. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावरच द्या.

दुकानदार ग्रिप विकणार, कारण तो त्याचा धंदा आहे. पण शिकवणाऱ्या ज्येष्ठांनी आणि कार्यशाळा घेणाऱ्यांनी हा जुना सल्ला द्यायचे आता थांबवावे, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून एखादा मुलगा त्या हंगामाची सारी कमाई प्लास्टिकच्या एका डब्यात घालतो. त्याला सांगा: पहिल्या पैशांत एक ओरिजिनल बॅटरी घे, दुसऱ्या पैशांत आणखी एक. तिन्हींवर क्रमांक घाल, आळीपाळीने वापर आणि विधी सुरू होण्याआधी बदल. एवढे करून हात दुखत असेल, तरच ग्रिपचा विचार कर.